मांजराने झुरळ किंवा नाकतोडा खाल्ला तर धोका असतो का?

पावसाळा सुरू झाला की नागपुरात संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाली वाळवी, नाकतोडे आणि भुंगेरे जमू लागतात. घरातलं मांजर त्यांच्यावर झडप घालतं आणि एखादा किडा मटकावतं. निरोगी मांजराला यातून सहसा अपाय होत नाही. मांजर जात्याच शिकारी आहे. माश्या, रातकिडे, नाकतोडे त्याला पचतात. फार तर टणक पाय-पंखांमुळे एखादी उलटी होते.

कोणते किडे टाळावेत?

मधमाशी किंवा गांधीलमाशी तोंडात चावली तर घसा सुजून श्वास अडकू शकतो. विंचू आणि गोमही धोकादायक. शेतात फुलांवर दिसणाऱ्या ब्लिस्टर बीटल या भुंगेऱ्यात कॅन्थारिडिन असतं. त्याने तोंड आणि आतडी पोळतात. झुरळं आणि रातकिड्यांमधून पोटातले जंत होऊ शकतात, म्हणून किडे खाणाऱ्या मांजराला डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर जंतनाशक द्यावं.

किड्यापेक्षा औषध घातक

फवारणीने मेलेल्या एका झुरळातून पोटात जाणारं विष सहसा थोडंच असतं. जास्त भीती असते ती ओल्या फवारणीवरून किंवा खडूच्या रेघेवरून चालून मांजराने पंजे चाटण्याची. अशा औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. ती शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. म्हणूनच कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडांसाठीचं परमेथ्रिनयुक्त औषध मांजराचा जीव घेऊ शकतं. फवारणी केलेली जागा पूर्ण सुकेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवावं आणि मेलेले किडे लगेच झाडून टाकावेत.

काय करावं?

लाळ गळणं, थरथर, झटके, तोल जाणं, तोंड सुजणं किंवा धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं तर वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. औषधाचं पाकीट सोबत न्यावं. घरी मीठ पाजून उलटी करवू नये. पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये, तेही मांजराला विषच आहे. नागपुरात खासगी दवाखान्यांशिवाय सेमिनरी हिल्स इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही प्राण्यांवर उपचार होतात. जवळच्या डॉक्टरांचा नंबर आणि वेळा आधीच लिहून ठेवलेल्या बऱ्या.