दुखरे पाय आणि व्हायोलिन

गेली चौदा वर्षं मला मधुमेह आहे. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, झोप उडते. दोन वर्षांपूर्वी याच कारणानं वस्तीतल्या मुलांची संध्याकाळची अभ्यासिका मी बंद केली. ‘आधी तब्येत, मग बाकीचं,’ अशी स्वतःची समजूत घातली. तब्येत होती तशीच राहिली; संध्याकाळ मात्र रिकामी झाली. अशाच एका जागरणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अखेरच्या दशकाविषयी वाचत बसलो.

बाबासाहेब आपल्या डोळ्यांपुढे येतात ते पुतळ्यातले. निळा कोट, हातात संविधान, उंचावलेलं बोट. पुतळ्याचे पाय कधी दुखत नाहीत. बाबासाहेबांचे दुखत. मधुमेह, संधिवात आणि मज्जातंतूंचा दाह यांनी त्यांना गाठलं होतं. इन्सुलिन सुरू होतं. पायांतल्या कळांनी कित्येक रात्री झोप लागत नसे.

आणि काळ कोणता? २९ ऑगस्ट १९४७ला संविधानाची मसुदा समिती नेमली गेली. तिचे सदस्य सात. पण कोणी राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, कोणी परदेशी, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. अखेर मसुद्याचा भार बाबासाहेबांवरच पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच सांगितलं. त्याच वर्षी १५ एप्रिलला डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या माईसाहेबांनी पुढं पत्नी आणि डॉक्टर अशा दोन्ही नात्यांनी त्यांना सांभाळलं.

१० ऑगस्ट १९५१ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. प्रकृतीची काळजी वाटते, डॉक्टरांच्या स्वाधीन होण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावं, असा त्याचा आशय. स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देऊ पाहणारं ते विधेयक रखडलं आणि सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

इथवरची कहाणी कष्टांची आहे. मी थबकलो तो पुढच्या तपशिलापाशी. उतारवयात हा माणूस शिक्षक लावून व्हायोलिन शिकत होता! त्यांना चित्रकलेचा नाद होता, बागेची हौस होती, स्वतः स्वयंपाक करून माणसांना जेवू घालण्यात आनंद वाटे. ग्रंथांचं वेड तर इतकं, की दादरचं ‘राजगृह’ त्यांनी पुस्तकांसाठीच बांधलं, असं म्हणायला हरकत नाही.

पूर्वी मी याला विरंगुळा म्हटलं असतं. आता तसं वाटत नाही. शाळेत ज्या मुलाला नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपायानं वरून पाणी ओतलं तरच ज्याची तहान भागे, त्यानं पुढं व्हायोलिन हातात घ्यावं, यात मोठा अर्थ आहे. भाकरी, पाणी आणि मत यांच्याइतकाच सूरही माणसाच्या हक्काचा आहे. ज्या आनंदासाठी आपण दुसऱ्यांच्या वतीनं भांडतो, तो स्वतःला नाकारायचा कशाला?

मात्र एक सांभाळायला हवं. ‘बघा, ते आजारपणातही राबले’ असं म्हणून कुठल्याही आजारी माणसाला टोचू नये. त्यांनाही औषध लागलं, आधार लागला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपण दुखण्यातून वाचलो ते पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्यामुळं, ही कृतज्ञता त्यांनी नोंदवली. १९५७मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा त्यात ही प्रस्तावना नव्हती. आणि ग्रंथ पाहायला बाबासाहेबही नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा घेऊन दोन महिनेही उलटले नव्हते, तोच ६ डिसेंबरला ते गेले.

मी अभ्यासिका पुन्हा उघडली आहे. रोज नाही, आठवड्यातून तीनदा. पाय फार दुखले तर खुर्चीत बसून शिकवतो. माळ्यावरची जुनी पेटीही खाली काढली आहे. गणितं झाली की शेवटची दहा मिनिटं आम्ही गातो. माझे सूर चुकतात, मुलं हसतात आणि तेवढा वेळ पायांची आठवण राहत नाही.