चिल्का: पाणी गोडे झाले तेव्हा

१/ ओडिशाच्या किनाऱ्यावर चिल्का सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये वाळूचा एक अरुंद, लांबट पट्टा आहे. १७५१ पासून ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल हारकोर्टची इंग्रज फौज गंजामहून पुरीवर चालून गेली, ती याच पट्ट्याने, वाटेत चिल्काचे मुख ओलांडून. पुढे दोन शतकांनी खुद्द सरोवराचे भवितव्य ठरले, तेही याच पट्ट्यातील मुखावर.

२/ चिल्का हे खारकच्छ आहे. पावसाळ्यात ते १,१०० चौरस किलोमीटरांहून अधिक पसरते, तर उन्हाळ्यात ९०० च्या आसपास आक्रसते. दया, भार्गवी या महानदीच्या शाखा उत्तरेकडून गोडे पाणी आणि गाळ आणतात; भरतीबरोबर मुखातून समुद्राचे पाणी आत शिरते. या दोहोंच्या मिश्रणातून निमखारे पाणी तयार होते. येथील मासे, कोळंबी व खेकडे त्याच पाण्यावर पोसलेले आहेत.

३/ नेल्सन अ‍ॅनंडेल आणि स्टॅन्ली केम्प यांनी १९१४ ते १९१६ या काळात चिल्कातील जीवसृष्टीची पद्धतशीर पाहणी केली. ऋतूगणिक बदलणारी क्षारता हा त्या पाहणीतीलही महत्त्वाचा विषय होता. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात जवळजवळ नसतातच. या दोन टोकांमध्ये सरोवर कोठे आहे, हे कळल्यावाचून त्याच्या पाण्याची परीक्षा पुरी होत नाही.

४/ एरवी प्रदूषण म्हटले की मैला, रसायने, दुर्गंधी डोळ्यांपुढे येते. त्यासाठी पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, फॉस्फेट आणि जिवाणू मोजतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस चिल्काला जडलेला मुख्य विकार मात्र वेगळा होता. सरोवर गोडे होत चालले होते.

५/ या किनाऱ्यावर लाटा आणि प्रवाह वाळू सतत ईशान्येकडे वाहून नेतात. त्यामुळे मुखही सरकत गेले आणि अरुंद झाले. समुद्राकडे जाणारी वाहिनी लांबली, गाळाने उथळ झाली. भरतीचे पाणी आत पोहोचेना. नद्यांनी आणलेला गाळ बाहेर पडेना.

६/ क्षारता घटताच गोड्या पाण्यातील वनस्पती शेकडो चौरस किलोमीटरांवर माजल्या. त्या कुजल्या की पाण्यातील ऑक्सिजन खर्ची पडतो आणि तळाचा गाळ वाढतो. समुद्रातून आत येणाऱ्या माशांची वाटही अडली. १९८५-८६ मध्ये सुमारे साडेआठ हजार टन असलेले मत्स्योत्पादन १९९५-९६ मध्ये जेमतेम १,२७० टनांवर आले.

७/ या सरोवरावर सुमारे दोन लाख मच्छीमारांचा चरितार्थ चाले. त्याच काळात बांध घालून कोळंबीची शेती पसरत होती आणि परंपरागत मासेमारीची जागा आकुंचत होती. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिल्कापासून १,००० मीटरांच्या आत कोळंबीशेतीला मनाई केली. तरीही संघर्ष शमला नाही. मे १९९९ मध्ये सोराणा गावी पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा बळी गेला.

८/ १९८१ मध्ये रामसर यादीत आलेल्या भारताच्या पहिल्या दोन पाणथळ जागांपैकी चिल्का ही एक. १९९३ मध्ये तिची नोंद ‘माँत्रो’ नोंदवहीत, म्हणजे संकटग्रस्त पाणथळ जागांच्या सूचीत, झाली. तोवर चिल्का विकास प्राधिकरण स्थापन झाले होते. उपाय शोधण्याच्या कामी पुण्याजवळील खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था व गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनी प्रवाहांचा आणि किनाऱ्यावरील वाळूच्या हालचालीचा अभ्यास केला. वाळूच्या पट्ट्यात सरोवराला अधिक जवळचे असे नवे मुख खोदावे, ही शिफारस त्यातून पुढे आली.

९/ २३ सप्टेंबर २००० रोजी सातपाडाजवळ सिपाकुडा येथे ते मुख खुले झाले. समुद्राकडील वाट सुमारे १८ किलोमीटरांनी कमी झाली. क्षारता वाढली, वनस्पती मागे हटल्या. २००१-०२ मध्ये मत्स्योत्पादन १२ हजार टनांच्या जवळ गेले. २००२ मध्ये चिल्काचे नाव त्या सूचीतून वगळण्यात आले. आशियातील हे पहिलेच उदाहरण.

१०/ नव्या मुखाने समुद्राची वाट मोकळी केली. जमिनीकडून येणाऱ्या घाणीवर मात्र तो उतारा नव्हता. भुवनेश्वरचे सांडपाणी गंगुआ नाल्यातून दया नदीत आणि तेथून सरोवराच्या उत्तर भागात येते. शेतातील खतांचा अंशही पुराबरोबर वाहत येतो. समुद्र क्षार पुरवू शकतो. शहराचे मैलापाणी शुद्ध करण्याचे काम शहरालाच करावे लागते.

११/ म्हणूनच आज चिल्काचे पाणी उत्तर, मध्य, दक्षिण आणि बाह्य वाहिनी अशा चार विभागांत वेगवेगळे तपासले जाते. मुखाजवळ पाणी निरोगी असताना नद्यांच्या तोंडाशी ते आजारी असू शकते. साऱ्या सरोवराची एकच सरासरी काढली, तर नेमका तोच भाग झाकला जातो. वाळू आजही सरकत आहे आणि उत्तर काठावर जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला आधी नाल्याचे पाणी गाठते, मग भरतीचे.