पाण्यातला ऑक्सिजन ८ की १६? कार्ल्सरूहची तीन दिवसांची सभा

नववीच्या विज्ञानात ‘द्रव्याचे मोजमाप’ नावाचा धडा होता, आठवतोय? अणुवस्तुमान, रेणुवस्तुमान आणि मग तो मोल. ३६ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल? १८ ने भागा, उत्तर २, चला पुढचं गणित. आज आपण त्या १८ बद्दल बोलणार आहोत. हा आकडा सर्वमान्य व्हायला जवळपास ५० वर्षं लागली. आणि गुंता सुटला तो एखाद्या नव्या भारी प्रयोगामुळे नाही, तर एका प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या नोट्समुळे.

आधी अडचण काय होती ते बघू. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ५०० नट मागितले, तर दुकानदार एकेक मोजत बसत नाही. एका नटाचं वजन माहीत असलं की सगळे काट्यावर टाकायचे, झाला हिशोब. मोलचं गणित हेच आहे: मोजायचं असतं, पण तोलून मोजायचं. आता समजा, एक सीलबंद खोका आहे. आत बोल्ट आहेत आणि प्रत्येक बोल्टला नट लावलेले आहेत. सगळे नट मिळून १ किलो, सगळे बोल्ट मिळून ८ किलो, एवढंच आपल्याला माहीत आहे. मग एक बोल्ट एका नटापेक्षा किती पट जड? बोल्टमागे एक नट असेल तर ८ पट. दोन नट असतील तर १६ पट. काटा कितीही महागाचा आणा, तो हे सांगणार नाही.

पाण्याचं अगदी असंच झालं होतं. १ ग्रॅम हायड्रोजनला ८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, यावर फारसा वाद नव्हता. पण पाण्याच्या एका कणात हायड्रोजनचे अणू किती? मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०८ मध्ये आपलं पुस्तक काढलं, तेव्हा त्याने सोपा नियम धरला. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर त्यात एकास एक अणू समजायचा. म्हणजे पाणी ‘एच ओ’. पुरावा काहीच नाही, पण कुठून तरी सुरुवात करायलाच हवी होती. मी तरी डाल्टनला दोष देणार नाही.

गंमत म्हणजे उत्तराचा धागा त्याच वर्षी फ्रान्समध्ये सापडला होता. गे-लुसॅकने वायूंचं वजन न करता आकारमान मोजलं. २ भांडी हायड्रोजन आणि १ भांडं ऑक्सिजन घेतला की २ भांडी वाफ मिळते. यावरून १८११ मध्ये आमेदेओ आवोगाद्रोने एक कल्पना मांडली. हा इटलीतल्या तुरीनचा माणूस, शिक्षणाने वकील. तो म्हणाला, तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या भांड्यात रेणूंची संख्या सारखीच असते.

थांबा, हे नीट बघू. एका भांड्यात १०० रेणू आहेत असं धरा. मग १०० ऑक्सिजन रेणूंपासून वाफेचे २०० रेणू झाले. प्रत्येकात ऑक्सिजन हवा, म्हणजे ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे व्हायलाच हवेत. म्हणजे ऑक्सिजन वायू जोडीने राहतो, आणि पाणी ‘एच टू ओ’.

हे कुणी मनावर घेतलं नाही. स्वीडनच्या बर्झेलियसचा त्या काळात मोठा दबदबा होता. त्याच्या मते अणू एकमेकांना धरून राहतात ते विरुद्ध विद्युतभारामुळे, मग दोन सारखे ऑक्सिजन एकत्र राहतीलच कसे? पुढे फ्रान्सच्या द्युमाने आवोगाद्रोची कल्पना वापरून बघितली, पण गंधक आणि पाऱ्याच्या वाफेने विचित्र आकडे दिले आणि त्यानेही नाद सोडला. १८५६ मध्ये आवोगाद्रो वारला, तेव्हा त्याची कल्पना जवळजवळ विस्मरणात गेली होती.

इकडे गोंधळ वाढतच होता. कुणी ऑक्सिजन ८ धरायचं, कुणी १६. कार्बन कुणाचा ६, कुणाचा १२. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेच्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, त्या काळी चालणारी १९ सूत्रं दिली आहेत. एका पदार्थाची १९! विद्यार्थ्यांनी कुठलं पाठ करायचं?

शेवटी केकुले आणि काही मंडळींनी ठरवलं की सगळ्यांना एका छताखाली बसवू. ३ ते ५ सप्टेंबर १८६०, जर्मनीतलं कार्ल्सरूह शहर, युरोपभरातून आलेले सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ. त्यात २६ वर्षांचा रशियन मेंडेलीव्हही होता.

आणि तिथे आला स्तानिस्लाओ कानिझारो. वय ३४, जेनोआमध्ये प्राध्यापक. मूळचा सिसिलीचा. १८४८ च्या तिथल्या उठावात तो राजाविरुद्ध उतरला होता, उठाव चिरडल्यावर मृत्युदंडाची शिक्षा झाली, म्हणून फ्रान्सला पळाला होता. सांगायचं काय, तर हा माणूस भिडस्त नव्हता. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि त्याने मृत आवोगाद्रोची बाजू लावून धरली.

त्याची रीत साधी होती. हायड्रोजन वायूचा रेणू २ धरा. वाफ हायड्रोजनच्या ९ पट जड, म्हणजे पाण्याचा रेणू १८, त्यात ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइड १४ पट, रेणू २८, त्यात ऑक्सिजन १६. कार्बन डायऑक्साइड २२ पट, रेणू ४४, त्यात ऑक्सिजन ३२. खुद्द ऑक्सिजन वायू ३२. सगळीकडे १६ किंवा त्याची पट, ८ कुठेच नाही. ऑक्सिजनचा अणू ८ चा असता तर कुठल्या तरी रेणूत एकटा ८ सापडायला नको का? द्युमाला नडलेल्या गंधकाचं आणि पाऱ्याचंही त्याच्याकडे उत्तर होतं. सगळेच वायू जोडीने राहत नाहीत: पाऱ्याची वाफ एकेकट्या अणूंची असते, गंधकाच्या रेणूत जास्त अणू असतात.

सभेत काही ठरलं नाही. विज्ञानाचे प्रश्न मतदानाने सोडवायचे नाहीत, यावर मात्र एकमत झालं. पण मंडळी घरी निघताना कानिझारोच्या मित्राने, पावेसीने, एक पुस्तिका वाटली. कानिझारो जेनोआत कसं शिकवतो याचा तो सारांश, १८५८ मध्ये छापलेला. मी सुरुवातीला म्हटल्या त्या नोट्स याच. लोथार मायर नावाच्या तरुण जर्मनाने ती खिशात टाकली, नंतर वाचली आणि त्याला सगळं लख्ख दिसलं. पुढे मायरने आणि मेंडेलीव्हने मूलद्रव्यं अणुवस्तुमानानुसार मांडली. मेंडेलीव्हची आवर्तसारणी १८६९ ची. ऑक्सिजन ८ आणि कार्बन ६ धरून ती मांडणी जमलीच नसती.

‘मोल’ हा शब्द मात्र नंतरचा. जर्मनीतल्या ओस्टवाल्डने तो १८९० च्या दशकात रूढ केला. आणि इथे एक भन्नाट गोष्ट आहे: ओस्टवाल्डचा तेव्हा अणूंवर विश्वासच नव्हता! त्याच्यासाठी मोल म्हणजे फक्त हिशोबाचं वजन.

त्याचं मत बदललं १९०९ च्या सुमारास, त्यात फ्रान्सच्या झाँ पेरँच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. पेरँने गॅम्बोज नावाचा पिवळा चीक घेतला. (आपल्या कोकमाच्याच कुळातल्या झाडांचा हा चीक.) त्याचे बारीक कण पाण्यात सोडून, कुठल्या उंचीवर किती कण तरंगतात ते त्याने सूक्ष्मदर्शकातून चक्क मोजले. त्यावरून एका मोलमध्ये किती रेणू हे काढलं आणि त्या संख्येला आवोगाद्रोचं नाव दिलं. आवोगाद्रोला जाऊन तेव्हा ५३ वर्षं झाली होती, आणि ही संख्या त्याने स्वतः कधी काढलीही नव्हती.

२० मे २०१९ पासून तर ती व्याख्येनेच पक्की केली आहे: ६०२२१४०७६ लिहा आणि पुढे १५ शून्यं. एवढे पाण्याचे रेणू हवे असतील तर मोजत बसू नका, साधारण १८ ग्रॅम पाणी काट्यावर ठेवा.