कोरिया, चार्ल्स मार्क

(१ सप्टेंबर १९३०–१६ जून २०१५). भारतीय वास्तुविशारद, नगररचनाकार आणि लेखक. मूळच्या गोव्याच्या कॅथलिक कुटुंबात सिकंदराबाद येथे जन्म. मुंबईच्या सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयात शिकल्यानंतर ते अमेरिकेस गेले. मिशिगन विद्यापीठातून १९५३ मध्ये वास्तुकलेची पदवी आणि मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून १९५५ मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली. १९५८ मध्ये मुंबईत स्वतंत्र व्यवसायास प्रारंभ. पुढील अर्धशतकात संग्रहालये, कलाकेंद्रे, संशोधनसंस्था, हॉटेले, उंच इमारती आणि अल्प उत्पन्न गटांसाठीच्या वसाहती अशी अत्यंत विविध कामे त्यांच्या हातून झाली. ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे रॉयल सुवर्णपदक (१९८४), जपानचा प्रेमियम इम्पीरिआले पुरस्कार (१९९४), भोपाळच्या विधान भवनासाठी आगाखान पुरस्कार (१९९८), तसेच पद्मश्री (१९७२) व पद्मविभूषण (२००६) हे त्यांचे प्रमुख सन्मान होत. १९८५ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे ते अध्यक्ष होते.

कोरियांच्या इमारतींची ओळख बहुधा त्यांच्या दर्शनी रूपावरून करून दिली जाते. मुंबईच्या ‘कांचनजंगा’ या उंच इमारतीचे कोपऱ्यांत कोरलेले पांढरे खोके, जयपूरच्या कलाकेंद्राच्या लाल भिंती, भोपाळच्या टेकडीत मुरलेल्या गच्च्या ही चित्रे वाचकांच्या डोळ्यांपुढे असतात. परंतु एवढ्यावरून या सगळ्या इमारती एकाच हाताच्या का वाटतात, हे उलगडत नाही. त्यांना जोडणारे सूत्र रूपात सापडत नाही, ते मोकळ्या जागेत सापडते. उघड्या आकाशाखालच्या जागेला कोरियांनी खोलीचा दर्जा दिला. त्यांच्या नकाशातले अंगण बांधकामानंतर उरलेले नसते, आधी आखलेले असते. यामागचा विचार आधी व्यवहाराचा आहे आणि मग सौंदर्याचा. उष्ण हवामानात स्वयंपाक, झोप, गप्पा, मुलांचे खेळ, वाळवणे यांपैकी बरेच काही वर्षातील बहुतेक महिने उघड्यावर होऊ शकते. अशी जागा छपराच्या खोलीपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते. म्हणजे ज्या कुटुंबाला दुसरी खोली परवडत नाही त्याला अंगण परवडते, आणि ते खोलीचे बरेचसे काम करते. वाड्याचा चौक, कोकणातली पडवी, गोव्याच्या घरातले राजांगण यांना हा हिशोब ठाऊक होता. आधुनिक काँक्रीटच्या बांधणीत तो विसरला गेला होता. कोरियांनी तो पुन्हा मांडला आणि ‘द न्यू लँडस्केप’ (१९८५) या पुस्तकात शहरांच्या पातळीवर नेला.

या विचाराची पहिली ठळक खूण म्हणजे अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय (१९५८–६३). सहा मीटर चौरसाचा एकच घटक पुनःपुन्हा वापरून ते रचले आहे. काही चौरसांना भिंती आहेत, काही नुसत्या कौलारू छपराखाली उघडे आहेत, तर मधल्या एका चौरसात पाणी आणि वर आकाश आहे. खिडक्यांना काच नाही. प्रकाश आणि वारा लाकडी पट्ट्यांच्या झडपांतून येतो. अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांच्या ट्रेंटन येथील स्नानगृहाशी (१९५५) या रचनेचे साम्य उघड आहे, आणि त्यावरून कोरियांच्या मौलिकतेविषयी शंका घेता येते. पण साम्य छपराच्या आकारापुरते आणि चौरसांच्या शिस्तीपुरते आहे. संग्रहालयात पाहणारा दालनातून पडवीत आणि पडवीतून उघड्यावर येतो, तेव्हा आत संपले कोठे आणि बाहेर सुरू झाले कोठे हे त्याला सांगता येत नाही. हा अनुभव आश्रमातल्या गांधींच्या साध्या घराशी नाते सांगतो. त्याच शहरात गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेतून उभ्या राहिलेल्या ‘ट्यूब हाउस’मध्ये (१९६१–६२) हवामानाचे गणित अधिकच उघडे होते. जेमतेम ३.६ मीटर रुंदीच्या या लांबट घरात तापलेली हवा उतरत्या छताच्या आतल्या अंगाने वर चढून माथ्यावरील फटीतून बाहेर पडे, आणि तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाई. यंत्राचे काम येथे छपराच्या उताराने केले होते. हे घर १९९५ मध्ये पाडले गेले.

मुंबईत प्रश्न वेगळा होता. तेथे वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आणि देखावाही त्याच बाजूला आहे. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा यांचीही दिशा तीच. जुन्या बंगल्यांनी चारी बाजूंना पडवी ओढून हा पेच सोडवला होता. कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’ या इमारतीत (१९७०–८३) कोरियांनी ती पडवी २८ मजले वर नेली. इमारतीचा तळ २१ मीटर चौरस आणि उंची ८४ मीटर, म्हणजे प्रमाण एकास चार. तीत ३२ सदनिका आहेत आणि त्या एकमेकींत अशा गुंतवल्या आहेत, की प्रत्येकीला कोपऱ्यावर दुमजली उंचीची बाग-गच्ची मिळते. राहत्या खोल्या या गच्चीच्या आड मागे सरकतात. ऊन आणि पाऊस गच्चीवर अडतो, वारा मात्र आत येतो. लांबून कोरीव खाचांसारखे दिसणारे कोपरे म्हणजे प्रत्यक्षात हवामान आणि घर यांच्यामधली ओसरी आहे. नेपियन सी रस्त्यावरील ‘सोनमर्ग’ या आधीच्या इमारतीत (१९६१–६६) याच कल्पनेचा त्यांनी मर्यादित प्रयोग केला होता.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो. कांचनजंगा ही अतिश्रीमंतांची इमारत आहे. मुंबईसारख्या शहरात दुमजली उंचीची गच्ची देणे म्हणजे जागेची उधळपट्टीच, आणि चाळीतल्या माणसाला या ओसरीचा उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे. ही इमारत सर्वांनी पाहिली आणि फार थोड्यांनी गिरवली, याचे कारणही त्यातच आहे. मुंबईत घर चौरस फुटांवर विकले जाते. ज्या पोकळीतून वारा येतो तिला भाव मिळत नाही. म्हणून कांचनजंगाचा पुढच्या उंच इमारतींवर पडलेला प्रभाव कोपऱ्यांच्या नक्षीपुरताच राहिला. तरीही मोकळी जागा श्रीमंतांचीच चैन आहे, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल. कारण तीच कल्पना कोरियांनी अगदी लहान भूखंडांवरही वापरली, आणि तीही याच काळात.

१९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि संरचना अभियंता शिरीष पटेल यांच्यासह कोरियांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडला. उत्तरेकडे लांबत चाललेल्या मुंबईचा ताण पूर्वेकडे वळवावा, ही त्यामागची कल्पना होती. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाल्यावर १९७४ पर्यंत ते नवी मुंबईचे प्रमुख वास्तुविशारद होते. त्यानंतर बेलापूर येथे त्यांनी आखलेली वसाहत (१९८३–८६) ‘आर्टिस्ट व्हिलेज’ नावाने ओळखली जाते. येथे सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांच्या भूखंडांवर स्वतंत्र घरे आहेत. सात घरांच्या मधोमध आठ मीटर चौरसाचे अंगण, अशा तीन पुंजक्यांच्या मधोमध बारा मीटरांचे, आणि त्याहून मोठ्या गटासाठी आणखी मोठे अंगण अशी चढती रचना आहे. एवढे करूनही घनता हेक्टरी सुमारे ५०० माणसांची राखली आहे. उंच इमारतींशिवाय दाट वस्ती होऊ शकते, याचा हा दाखला होय. शेजारच्या घराशी भिंत सामाईक नाही, त्यामुळे पैसा येईल तसे घर वाढवण्याची मुभा प्रत्येक कुटुंबाला मिळाली. भिंतींना आणि कौलांना स्थानिक गवंड्यांचे कसब पुरेसे होते.

बेलापूरविषयीचा आक्षेप अधिक बोचरा आहे. पुढे अनेक रहिवाशांनी मूळ कौलारू घरे पाडून काँक्रीटचे दोन-तीन मजली बंगले बांधले आणि घरामागचे खासगी अंगण छपराखाली घेतले. ज्यांच्यासाठी ही जागा मौल्यवान ठरवली त्यांनीच ती बुजवली असेल, तर वास्तुविशारदाचा हिशोब चुकला असे का म्हणू नये? घर वाढावे अशीच योजना होती, हे उत्तर नेहमी दिले जाते. पण ते अर्धेच आहे. घर वाढावे अशी योजना होती, अंगण नाहीसे व्हावे अशी नव्हती. कुटुंबाची मिळकत वाढली की दुसरी खोलीही परवडू लागते आणि अंगणाचा स्वस्तपणा हा त्याचा मुख्य गुण उरत नाही, हे कोरियांच्या मांडणीत पुरेसे धरलेले नाही, असे म्हणावे लागते. मात्र याच वसाहतीत दुसरी गोष्टही दिसते. जी अंगणे कोणा एकाच्या भूखंडात नव्हती ती टिकली. घरांची तोंडे बदलली तरी ती आजही त्याच चौकांकडे वळलेली आहेत. यावरून मूळ विचार बाद होत नाही, त्याला मर्यादा पडते: गरजेपोटीची मोकळी जागा मिळकतीबरोबर आटते, सामाईक मालकीची जागा तग धरते. वाड्यांच्या वाटण्या होऊनही मधला चौक जसा सर्वांचा राहतो, तसाच हा प्रकार आहे.

तिसरा आक्षेप पावसाचा. आकाशाखाली राहण्याचा हा पुरस्कार अहमदाबाद, भोपाळ किंवा जयपूरच्या कोरड्या हवेत ठीक. चार महिने धो धो पाऊस कोसळणाऱ्या कोकणपट्टीत तो कसा चालावा? कोरियांनी हा फरक ओळखला होता, हे पणजीच्या कला अकादमीवरून (१९७३–८३) स्पष्ट होते. कांपाल भागात मांडवीच्या काठावर पसरलेली ही बसकी इमारत चौकाभोवती मिटून घेत नाही. रस्त्याकडून नदीकडे आरपार उघडी राहते. प्रवेशावर काँक्रीटच्या तुळयांचा विस्तीर्ण मांडव आहे. त्याखालून तिकीट न काढताही कोणीही नदीपर्यंत चालत जाऊ शकतो. कोरड्या प्रदेशात जे काम अंगण करते, ते दमट प्रदेशात या आरपार पडवीने केले आहे. दीनानाथ मंगेशकर कलामंदिर या प्रेक्षागृहात मारिओ मिरांडा यांनी भिंतींवर सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक चितारले आहेत, त्यामुळे प्रयोगापूर्वी रिकामे सभागृहही भरलेले भासते. परंतु खाऱ्या, ओल्या हवेत उघडे काँक्रीट सतत देखभाल मागते. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरणाचे काम चालू असताना येथील खुल्या रंगमंचाचा भाग कोसळला. या एका घटनेवरून आराखड्याचा न्याय करणे योग्य नाही; पण ज्या वास्तूत मोकळी जागा हेच मुख्य दालन आहे तिची निगा दालनासारखीच राखावी लागते, ही जाणीव सार्वजनिक इमारतींच्या पालकांना असतेच असे नाही.

१९८० नंतरच्या कामांत प्रतीकांचे वजन वाढले. जयपूरचे जवाहर कला केंद्र (१९८६–९२) नवग्रहांच्या नऊ चौरसांवर बेतले आहे आणि सवाई जयसिंगाच्या नगररचनेप्रमाणे त्यातील एक चौरस जागेवरून हलवलेला आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेत (१९८८–९२) मधल्या चौकाला कुंडाचे रूप आहे. परिसरात फूकोचा लंबक आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. ही सारी पुराणाची आणि विज्ञानाची सजावट नव्हे काय, अशी टीका होऊ शकते. येथेही मोकळ्या जागेचीच कसोटी लावून पाहावी. जयपूरच्या आराखड्याचा केंद्रचौरस रिकामा, पायऱ्यांचा आणि आकाशाखाली आहे. ग्रहांची कथा ठाऊक नसलेला माणूसही त्या पायऱ्यांवर बसतो. आयुकाच्या कुंडाचेही तसेच. प्रतीक बसण्याची, थांबण्याची, भेटण्याची जागा होते तेथे ते पेलले आहे. जेथे ते माहितीफलक वाचल्याखेरीज कळत नाही तेथे ते शोभेपुरतेच राहिले आहे. परदेशातील कामांना हीच कसोटी लागू पडते. मॅसॅचूसेट्स येथील मेंदूसंशोधन संकुलात (२००५) थंडीमुळे अंगणावर काच आली आणि तो उंच दिवाणखाना झाला. लिस्बनच्या शांपालिमो केंद्रात (२०१०) दोन इमारतींमधून चढत जाणारी वाट थेट समुद्र आणि आकाश यांच्या रेषेवर जाऊन थांबते.

या कामांचे श्रेय एकट्या कोरियांचे नाही. नवी मुंबईच्या प्रस्तावात मेहता व पटेल यांचा, कांचनजंगाच्या बांधणीत पटेल यांच्या अभियांत्रिकीचा आणि पणजीच्या प्रेक्षागृहात मिरांडा यांच्या रेषेचा वाटा मोठा आहे. कोरियांनी आपली रेखाचित्रे २०१३ मध्ये ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेच्या संग्रहास दिली. त्यांतील भिंती आणि खांब अभ्यासकाला लगेच वाचता येतात. त्यांच्या वास्तूंचा खरा कस मात्र दुपारी तीन वाजता सावली कोठे पडते, पाऊस कोठे अडतो आणि काही काम नसलेला माणूस कोठे टेकू शकतो, या तीन प्रश्नांवर लागतो. साबरमतीची पडवी, कला अकादमीचा मांडव आणि बेलापूरचे सामाईक चौक या कसाला उतरतात. कांचनजंगा पहिल्या दोन प्रश्नांना चोख उत्तर देते. तिसऱ्याला तिच्याकडे ३२ कुटुंबांपुरतेच उत्तर आहे.