मिनामाताचे मौन

इतिहास म्हटला की लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु कारखान्याच्या सांडपाण्यालाही इतिहास असतो, आणि तो कधी कधी रणांगणाइतकाच दारुण असतो. अशा एका इतिहासाकडे आम्ही आज श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे गाव आहे. पुढे चिस्सो या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९३२ साली तेथे ॲसिटाल्डिहाइड हे रसायन करण्यास आरंभ केला. या क्रियेत पाऱ्याचे संयुग वापरीत. त्यातून मिथिल पारा निर्माण होई आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. अथांग पाण्यात विष विरून जाते, ही समजूत येथे खोटी ठरली. सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत असे ते साठत गेले आणि अखेर कोळ्यांच्या ताटात आले. प्रथम मांजरे वेड्यासारखी नाचून मेली. मग माणसांचे हातपाय कापू लागले, दृष्टी आकुंचित झाली, वाचा अडखळू लागली. निरोगी दिसणाऱ्या मातांच्या पोटीही पंगू मुले जन्मली. कारण नाळेवाटे विष गर्भात उतरत होते.

१ मे १९५६ रोजी या अज्ञात रोगाची वर्दी सरकारी आरोग्यकेंद्रास मिळाली, ती कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांच्याकडून. १९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नावर घालून ते मांजरांस चारले. ऑक्टोबरात ४०० क्रमांकाच्या मांजरास तोच रोग जडला. कंपनीने प्रयोग पुढे नेण्यास मनाई केली व निष्कर्ष दडविला. होसोकावाही गप्प राहिले. डिसेंबरात रोग्यांना अल्पशी सांत्वनाची रक्कम देण्यात आली. उद्या कारखाना दोषी ठरला तरी अधिक भरपाई मागावयाची नाही, अशी त्यात अट होती!

विष मात्र वाहतच राहिले. १९६५ साली दूर नीगाता प्रांतात, दुसऱ्याच एका कारखान्याखालच्या नदीकाठी, तोच रोग उद्भवला. मिनामातातील ते उत्पादन थांबले आणि सरकारने रोगाचे कारण मान्य केले, ते १९६८ साली.

१९७० साली कर्करोगाने अंथरुणास खिळलेल्या होसोकावांनी अखेर न्यायालयापुढे साक्ष दिली, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९७३ च्या निकालाने कंपनीस दोषी ठरविले व तो जुना करारही रद्दबातल केला. पुढे २०१३ साली पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करारास मिनामाताचेच नाव देण्यात आले. २०१८ साली भारतही त्यात सामील झाला.

होसोकावांना दोष देणे आम्हांस सोपे वाटत नाही. पहिली वर्दी त्यांचीच, आणि अखेरची साक्षही त्यांचीच. परंतु मधली अकरा वर्षे ज्या घरांनी भोगली, त्यांना ती परत कोण देणार? म्हणून, एखाद्या कारखान्याचे पाणी निरुपद्रवी आहे असे आपल्याला सांगण्यात येईल तेव्हा, ते कोणी तपासले आणि तो निष्कर्ष कोठे ठेवला आहे, एवढे तरी आपण विचारावे.