हिरव्या गंजातला दोरा

ब्राँझचे नवे घड्याळ घ्यायचे आणि ते नवे दिसू नये म्हणून घरीच खटपट करायची, असा एक शौक हल्ली आला आहे. पट्टा काढून घड्याळ अमोनियाच्या वाफेत, बंद डब्यात ठेवतात. काही तासांत त्यावर निळसर-हिरवी झाक चढते. उकडलेल्या अंड्यासोबत ठेवले तर गंधकामुळे ते तपकिरी-काळपट होते.

आमच्या मुकुटबनकडच्या जुन्या बायका हे ऐकून हसतील. त्यांची हयात हाच रंग घासून काढण्यात गेली! चिंच, राखुंडी, आणि भांड्याला आतून कल्हई. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिले की ते कळकायचे आणि फेकून द्यावे लागायचे. ती भीती खरीच होती. आंबटाने तांबे विरघळते, आणि तांब्याचे क्षार विषारी असतात.

ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील. आपले कासेही त्याच घराण्यातले. हवेत तांब्यावर आधी लालसर थर येतो. मग ओलावा आणि कर्बवायू यांच्यामुळे हिरवा. जमिनीखाली हे काम शतकानुशतके चालू राहते.

नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली 1954 ते 1956 या काळात उत्खनन झाले. तिथे ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. आपल्या हवेत, आपल्या मातीत सूत एवढे टिकत नाही. पण मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस यांचे तंतू असल्याचा निष्कर्ष निघाला. पुणे जिल्ह्यात चांडोलीलाही तांब्याच्या मण्यांत असाच दोरा सापडला, तो जवसाच्या तागाचा. तांब्याच्या क्षारांनी कुजवणाऱ्या जिवाणूंना जवळ येऊ दिले नाही. ताकाला बाधणारे विषच इथे राखणदार झाले. ते मणी कुणी चिंचेने लख्ख केले असते, तर त्या काळच्या कापडाविषयी आपल्याला किती कळले असते?

मात्र या थराकडून भलत्या अपेक्षाही करू नयेत. तो वय सांगत नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव शिल्पे गावकऱ्यांना खोदताना अवचित मिळाली. मिळून वजन 60 किलोंहून अधिक. शास्त्रीय उत्खननात, थराथराने ती निघाली नव्हती. त्यामुळे वाद झाला. डॉ. म. के. ढवळीकरांनी ती उत्तर-हडप्पाकालीन मानली; डॉ. डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या सोमलाच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका घेतली. वस्तूभोवतीची माती बोलू शकली असती, पण ती तर आधीच उपसली गेली होती.

खोटी ‘पुराणी’ मूर्ती विकणाऱ्याचे फावते ते इथेच. डब्यातली अमोनियाची युक्ती त्यालाही ठाऊक असते. घड्याळापुरती ती निरुपद्रवी हौस आहे, हवे तेव्हा लिंबाने पुसून टाकता येते.

शेतात नांगराला हिरवे नाणे लागले, तर ते घासू नये. कुठे, किती खोल मिळाले ते लिहून ठेवावे. गुप्तधनाचा 1878 चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कळवताना सोबतची मातीही तशीच राहू द्यावी.