तुघलकी आणि साधं शहाणपण

कुणी लहरी निर्णय घेतला की आपण त्याला ‘तुघलकी कारभार’ म्हणतो. मीही म्हणत आलो. पण इतिहास वाचू लागल्यावर हा शब्द खटकू लागला. मुहंमद बिन तुघलक अडाणी नव्हता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक यांचा तो अभ्यासक होता. १३३०च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या किमतीला चालवली. चीनमध्ये त्याआधीच कागदी चलन होतं. म्हणजे कल्पना वेडगळ नव्हती. फक्त खोटी नाणी रोखायची सोय त्याने केली नाही. समकालीन इतिहासकार बरनी सांगतो की घरोघरी टांकसाळी निघाल्या. लोकांनी सारा तांब्याच्या नाण्यांत भरला, चांदी दडवून ठेवली. अखेर सुलतानाने खजिन्यातून सोनं-चांदी देऊन ती नाणी परत घेतली.

जे गल्लीतल्या कारागिराला कळलं, ते विद्वान सुलतानाला कळलं नाही. विद्या आणि व्यवहारज्ञान एकत्र नांदतीलच असं नाही. पण आज कागदाची नोट आपण निर्धास्तपणे खिशात घालतो, तेव्हा त्याचीच कल्पना वापरत असतो. एका माणसाचं नाव शिवीसारखं वापरण्याआधी एवढं तपासावं, हेही साधं शहाणपणच. तेही फारसं आढळत नाही.